देशीपणाचा ठाव : सेपुल्तुराच्या संगीतातील स्थित्यंतरे

१

‘देशी’ ही संज्ञा मराठी समीक्षेत आता इतकी रुळली आहे की ती मूळची साहित्यशास्त्रातली नसून संगीतशास्त्रातली आहे, याचे आपल्याला विस्मरण झाले आहे. मतंगाच्या ‘बृहद्देशी’त आणि पुढे तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत शार्ङ्गदेवाने रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त मार्ग आणि देशी असा भेद केलेला आढळतो. मार्ग म्हणजे परंपरेने नियत केलेले, शास्त्राने बांधलेले संगीत. देशी म्हणजे प्रदेशागणिक बदलणारे, त्या त्या ठिकाणच्या लोकांच्या रुचीला धरून त्यांचे मन रिझवणारे संगीत. भालचंद्र नेमाडे यांनी ऐंशीच्या दशकात देशीयतेची संकल्पना मांडली आणि गणेश देवी यांनी ‘आफ्टर ॲम्नेशिया’ (१९९२) या ग्रंथात मार्ग आणि देशी या जोडीला साहित्येतिहासाच्या आकलनाचे साधन म्हणून पुढे आणले. तेव्हापासून एखादी कृती देशी आहे असे म्हणताना आपण बहुधा तिच्यातील सामग्रीकडे बोट दाखवतो. बोली, स्थलनामे, लोककथा, विधी, पिकांची आणि भांड्यांची नावे यांची नोंद करून आपण निर्णय देतो. परंतु सामग्री देशी असणे आणि कृती देशी असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय, हा प्रश्न या व्यवहारात विचारला जात नाही.

हा प्रश्न पुन्हा संगीताच्याच प्रांतात नेऊन तपासणे उपयोगाचे ठरेल असे वाटते. साहित्यात सामग्री आणि रूप एकाच भाषेच्या पदरात बांधलेली असल्यामुळे त्यांचे धागे वेगळे करणे अवघड जाते. संगीतात कोणता ध्वनी कोठून आला, तो इतर ध्वनींशी कसा नांदतो, कोणी कोणाला आपली चाल सोडायला लावली, हे कानाला स्वतंत्रपणे ऐकू येते. या दृष्टीने ब्राझीलमधील ‘सेपुल्तुरा’ या हेवी मेटल वाद्यवृंदाचा प्रवास विलक्षण बोधक आहे. अनुकरणापासून सुरू होऊन जागतिक प्रमाणरूपावर प्रभुत्व, त्यानंतर स्वभूमीकडे वळणे आणि शेवटी त्या वळणाचेही पद्धतीत रूपांतर होणे, असे चार टप्पे या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रिकांत दिसतात. मराठी साहित्याच्या आधुनिक इतिहासात जे शंभर-सव्वाशे वर्षांत घडले, त्याच्याशी समांतर असे काहीतरी येथे पंधरा वर्षांत घडून गेले आहे. समांतर, एकरूप नव्हे, हे ध्यानात ठेवूनच पुढील विवेचन वाचावे.

२

ब्राझीलमध्ये १९६४ साली लष्कराने सत्ता बळकावली. ती राजवट १९८५मध्ये संपली. तिच्या अखेरच्या पर्वात, १९८४ साली, मिनास झेराइस प्रांताची राजधानी असलेल्या बेलो होरिझोंते शहरात मॅक्स आणि इगोर काव्हालेरा या दोघा भावांनी सेपुल्तुरा स्थापन केला. ‘सेपुल्तुरा’ म्हणजे पोर्तुगीज भाषेत थडगे. ‘मोटरहेड’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या एका गीताचे पोर्तुगीज भाषांतर करीत असताना मॅक्सला हा शब्द सुचला. म्हणजे या वाद्यवृंदाचे नावच मुळी भाषांतरातून जन्मले आहे.

‘बेस्टियल डिव्हास्टेशन’ (१९८५) आणि ‘मॉर्बिड व्हिजन्स’ (१९८६) या आरंभीच्या मुद्रिका बेलो होरिझोंतेमधल्याच ‘कोगुमेलो’ या छोट्या संस्थेने काढल्या. ‘व्हेनम’, ‘सेल्टिक फ्रॉस्ट’ अशा युरोपीय वाद्यवृंदांचे अनुकरण त्यांत उघड आहे. सैतान, नरक, उलटा क्रूस ही सारी प्रतिमासृष्टी उसनी. कलावंतांनी घेतलेली टोपणनावेसुद्धा इंग्रजी. गीते इंग्रजीत आहेत आणि ती भाषा रचनाकारांना पुरती अवगत नव्हती, हे लपत नाही. गिटारी धड सुरात लावलेल्या नाहीत, ध्वनिमुद्रण कोंदट आहे. रूढ मापांनी या मुद्रिका ‘परभृत’ ठरतात.

तरीही त्या लक्षपूर्वक ऐकल्यास एक वेगळी गोष्ट जाणवते. उसन्या रूपाचे संकेत येथे पुरते पेलले गेलेले नाहीत आणि त्या न पेलण्यातूनच त्यांचे ठिकाण व्यक्त होते. कॅथलिक संस्कारांनी व्यापलेल्या, बॅरोक चर्चवास्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या प्रांतात उलटा क्रूस हा आयात केलेला अलंकार राहत नाही. तो घराजवळच्या सत्तेला दिलेला धक्का होतो. वाद्ये आणि साधने हलक्या प्रतीची, भाषा मोडकी, पण घाई मात्र खरी, असा हा ध्वनी आहे. अनुकरण करणारा ज्या ठिकाणी चुकतो, तेथे त्याचे स्वतःचे उच्चारण ऐकू येते. हे देशीपण अर्थात अभावित आहे. रचनाकारांना ते नको होते. शक्य तितक्या लवकर त्यातून बाहेर पडायचे होते.

३

१९८७ साली आंद्रेआस किसर हा गिटारवादक वाद्यवृंदात आला आणि ‘स्किझोफ्रेनिया’ (१९८७) या मुद्रिकेपासून तांत्रिक सफाई दिसू लागली. ‘रोडरनर’ या आंतरराष्ट्रीय कंपनीशी करार झाल्यानंतरची ‘बिनीथ द रिमेन्स’ (१९८९) रिओ दि जानेरोत ध्वनिमुद्रित झाली, पण तिच्यासाठी स्कॉट बर्न्स हा निर्माता अमेरिकेतील फ्लोरिडाहून आला. पुढच्या ‘अराइज’ (१९९१) या मुद्रिकेसाठी वाद्यवृंदच फ्लोरिडातील टँपा येथील ‘मॉरिसाउंड’ या ध्वनिमुद्रणालयात गेला.

या दोन मुद्रिका म्हणजे ‘थ्रॅश’ या मेटल-प्रकाराचे नमुनेदार आविष्कार आहेत. थ्रॅशची शैली ऐंशीच्या दशकात मुख्यतः कॅलिफोर्नियात घडली. उजव्या तळहाताने तारा दाबून छेडलेले तुटक आघात, गिटारवर पुन्हा पुन्हा येणारा छोटा स्वराकार, म्हणजे ‘रिफ’, दोन्ही पायांनी वाजणारे वेगवान ढोल, एकाच गीतात अनेकदा बदलणारी गती आणि मधोमध गिटारचे एकलवादन, ही त्याची लक्षणे होत. शार्ङ्गदेवाची संज्ञा थोडी ताणून वापरायची तर थ्रॅश हा १९८९ सालापर्यंत मेटलचा ‘मार्ग’ झाला होता. त्याचे नियम ठरले होते, त्याचे प्रमाणग्रंथ ठरले होते, आणि तो जगात कोठेही, कोणालाही, ठिकाणाची ओळख न देता वाजवता येत होता. सेपुल्तुराने तो निर्दोष वाजवून दाखवला. परिघावरच्या कलावंताला केंद्राची मान्यता मिळण्याचा हा ठरलेला रस्ता आहे : केंद्राची भाषा केंद्रापेक्षा शुद्ध बोलून दाखवणे. एकोणिसाव्या शतकातील आपल्याकडच्या इंग्रजी विद्येच्या पदवीधरांना हा रस्ता ओळखीचा वाटावा.

या टप्प्यावर वाद्यवृंदाचे ब्राझीलपण संगीतात जवळजवळ ऐकू येत नाही. कीथ हॅरिस यांनी २००० साली ‘पॉप्युलर म्युझिक’ या नियतकालिकात लिहिलेल्या निबंधात या वाद्यवृंदाच्या संदर्भात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. वाद्यवृंद प्रत्यक्ष बेलो होरिझोंतेमध्ये राहत होता तेव्हा त्याच्या संगीतात स्थानिकतेची खूण नव्हती. तो स्थानिक वर्तुळापासून जसजसा दूर गेला तसतशी ती खूण ठळक होत गेली. ‘अराइज’मधील ‘ऑल्टर्ड स्टेट’ या गीताच्या आरंभी तालवाद्यांचा एक ओझरता तुकडा येतो. पण गीत सुरू होताच थ्रॅशचे नियम त्याला बाजूला सारतात. तो अद्याप दारापाशी ठेवलेला पाहुणा आहे.

४

नव्वदीच्या आरंभी वाद्यवृंदाचे बिऱ्हाड अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात, फिनिक्स येथे हलले. ‘केऑस ए. डी.’ (१९९३) ही मुद्रिका त्याहूनही दूर, वेल्समधील ‘रॉकफील्ड’ या ध्वनिमुद्रणालयात तयार झाली. आणि नेमक्या याच मुद्रिकेत ब्राझील आशयाच्या पातळीवर प्रथम ठामपणे अवतरतो. ‘मॅनिफेस्ट’ हे गीत २ ऑक्टोबर १९९२ रोजी साव पाउलो येथील कारांदिरू तुरुंगात पोलिसांच्या कारवाईत १११ कैदी मारले गेले, त्या घटनेवर आहे. ‘काइओवास’ या वाद्यरचनेला भूमीवरून हुसकावले गेल्यामुळे सामूहिक आत्महत्यांच्या वाटेवर लोटल्या गेलेल्या काइओवा या आदिवासी समूहाचे नाव दिले आहे.

परंतु या मुद्रिकेतील निर्णायक बदल विषयांचा नाही, लयीचा आहे. थ्रॅशमध्ये रचनेचा मूलघटक गिटारचा रिफ असतो. ढोल त्याचा पाठलाग करतात. ‘केऑस ए. डी.’मध्ये हे नाते उलटते. पहिल्या ‘रिफ्यूज/रेझिस्ट’ या गीताच्या आरंभी मॅक्सच्या अजून न जन्मलेल्या मुलाच्या हृदयाचे ठोके आहेत आणि त्यांतून ढोल उगवतात. ‘टेरिटरी’ हे गीतही ढोलांच्याच आकृतीने उघडते. इगोर काव्हालेरा कर्कश, उंच आवाजाच्या झांजांवरून आणि ‘स्नेअर’वरून खालच्या पट्टीतल्या खोल ढोलांकडे सरकतो. गती मंदावते, आघातांमध्ये मोकळी जागा निर्माण होते, आणि त्या मोकळ्या जागेत अपेक्षेहून किंचित मागेपुढे पडणारे उप-आघात भरले जातात. साम्बात ‘सुर्दो’ या मोठ्या ढोलाचा जड ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो आणि भोवतालची लहान वाद्ये त्याभोवती जाळे विणतात. इगोर साम्बा वाजवीत नाही. पण साम्बाच्या परिसरात वाढलेल्या हाताने मेटल वाजवू लागतो. इदेल्बेर आवेलार या ब्राझिलियन अभ्यासकाने २००३ साली, सेपुल्तुराच्या संगीतात राष्ट्रीयत्व ध्वनीतूनच कसे संकेतबद्ध होते याचा विचार केला आहे, तो या संदर्भात मूलगामी आहे. राष्ट्रीयत्वाचा शोध शब्दांत घेण्याची सवय असलेल्या समीक्षेला ध्वनीच्या संघटनेकडे वळवणे हे त्याचे महत्त्व.

‘काइओवास’चे उदाहरण याउलट आहे. ही रचना अकूस्टिक गिटारी आणि ढोल यांवर बेतलेली असून ती वेल्समधील चेप्स्टो येथील जुन्या किल्ल्याच्या भग्न परिसरात ध्वनिमुद्रित झाली. काइओवांचे नाव आहे, त्यांच्याविषयीचा कळवळाही आहे. परंतु त्यांचा स्वर, त्यांची लय, त्यांची उपस्थिती त्यात नाही. याला ‘नामोल्लेखाचे नाते’ म्हणता येईल. नामोल्लेख हा निषेध म्हणून मोलाचा असतो. देशीपणाचा पुरावा म्हणून तो पुरत नाही.

५

फेब्रुवारी १९९६मध्ये आलेल्या ‘रूट्स’ या मुद्रिकेवर या वाद्यवृंदाची देशी म्हणून असलेली कीर्ती उभी आहे. शीर्षकच ‘मुळे’ असे. मुखपृष्ठावरचा आदिवासी चेहरा ब्राझीलच्या हजार क्रूझेरोच्या नोटेवरून घेतलेला आहे. १९९४ साली ‘रेआल’ हे नवे चलन आले आणि क्रूझेरो बाद झाले. म्हणजे राष्ट्राने ज्याला नोटेवर स्थान दिले आणि महागाईने ज्याची किंमत शून्य केली, तो हा चेहरा. मुखपृष्ठाचा हा अर्थ रचनाकारांना अभिप्रेत असो वा नसो, तो तेथे आहे.

मात्र ‘मुळां’कडे जाण्याचा हा रस्ता सरळ नाही. आदिवासींकडे जाण्याची कल्पना आपल्याला हेक्टर बाबेंको यांच्या ‘ॲट प्ले इन द फील्ड्स ऑफ द लॉर्ड’ (१९९१) या चित्रपटावरून सुचली, असे मॅक्सने सांगितले आहे. हा चित्रपट पीटर मॅथिसन या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवर आधारलेला. मुद्रिकेचे मुख्य काम झाले कॅलिफोर्नियातील मालिबू येथे. निर्माता रॉस रॉबिन्सन. त्याने त्याआधी ‘कॉर्न’ या अमेरिकन वाद्यवृंदाची पहिली मुद्रिका (१९९४) घडवली होती, आणि खाली उतरवलेल्या जड तारांचा तिच्यातला ध्वनी ‘रूट्स’मध्ये स्पष्ट ऐकू येतो. मुळांची ओढ परदेशात लागते, परक्याच्या कथेतून सुचते आणि परक्याच्या यंत्रावर साकारते. यात उपहास करण्यासारखे काही नाही. देशीपणाची जाणीव ही बहुधा अंतरातूनच जन्मते. जो आत असतो त्याला तिची गरज भासत नाही.

या मुद्रिकेत देशी सामग्रीशी जडलेली दोन भिन्न नाती दिसतात आणि त्यांची गल्लत करणे हा तिच्यावरील बहुतेक लिखाणाचा दोष आहे.

पहिले नाते ‘इत्सारी’ या रचनेत आहे. शावांते भाषेत या शब्दाचा अर्थ ‘मुळे’ असाच होतो. मातो ग्रोसो प्रांतातील पिमेंतेल बार्बोसा या शावांते गावी जाऊन वाद्यवृंदाने १९९५ साली गावकऱ्यांसमवेत हे ध्वनिमुद्रण केले. समूहाचे गायन आणि सोबत गिटारी, असे तिचे स्वरूप आहे. नीट ऐकल्यास कळते की शावांते आपली लय बदलत नाहीत. पदन्यासाशी बांधलेले त्यांचे गायन स्वतःच्याच श्वासाने चालते. गिटारी त्याच्या कडेकडेने, अदबीने वाजतात. दोन्ही एका जागी आहेत, एक झालेले नाहीत. हे ‘सन्निधीचे नाते’ होय.

दुसरे नाते ‘रातामाहाता’त आहे. साल्वादोर येथील तालवादक कार्लिन्योस ब्राउन या गीताचा सहरचनाकार आणि सहगायक आहे. भाषा पोर्तुगीज आहे. पालमारेसच्या पळून आलेल्या गुलामांच्या वसाहतीचा नेता झुंबी, ईशान्येचा दरोडेखोर लांपियाँव आणि ब्राझिलियन भयपटांतला झे दो काइशाँव अशी नामावळी त्यात येते. सामग्रीच्या यादीत रस असलेला समीक्षक या नावांपाशी थांबेल. पण खरे घडते ते भाषेच्या लयीत. इंग्रजीत गाताना मॅक्सचा आवाज आघातांवर हातोड्यासारखा पडत असे; पोर्तुगीजच्या स्वरान्त शब्दांमुळे आणि आवर्तनांमुळे तोच आवाज येथे तालवाद्यासारखा घरंगळू लागतो. गिटार त्या बोलण्याच्या मागे जातात. रिफ हा आता स्वराकार उरत नाही, तो ढोलाचा बोल होतो. म्हणजे मेटलने तालाला आपल्यात सामावलेले नाही. तालाने मेटलची चाल बदलली आहे. याला ‘आत्मसातीकरणाचे नाते’ म्हणावे, आणि आत्मसात कोणी कोणाला केले हे सांगता येऊ नये, हीच त्याची खूण समजावी.

आपल्याकडील गझलेचे उदाहरण येथे आठवते. माधव जूलियनांनी गझल मराठीत आणली, तिची वृत्ते आणि बंधने आणली. पण ती मराठीची झाली असे आपण म्हणतो ते सुरेश भटांच्या संदर्भात, कारण तेथे मराठी बोलण्याची स्वाभाविक उतरण आणि गझलेचा यमकबंध एकमेकांना ओढू लागले. यासाठी भटांना तुळशीवृंदावन किंवा मृगाचा पाऊस यांची यादी द्यावी लागली नाही.

६

या मांडणीवर दोन बाजूंनी आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की ‘रूट्स’ ही बाजाराच्या मागणीतून निघालेली गोष्ट आहे. एकीकडे ‘कॉर्न’ची लाट, दुसरीकडे ‘वर्ल्ड म्युझिक’ची बाजारपेठ. पॉल सायमनने १९९० साली साल्वादोरच्या ‘ओलोदुं’ या ढोलपथकाला आपल्या मुद्रिकेत घेतले होते. १९९६च्या फेब्रुवारीतच मायकल जॅक्सनही त्याच पथकासह साल्वादोरच्या रस्त्यांवर चित्रीकरण करीत होता. हा आक्षेप खोटा नाही, पण तो निर्णायकही नाही. उसनवारी ही ‘मॉर्बिड व्हिजन्स’मध्ये होती, ‘बिनीथ द रिमेन्स’मध्ये होती, तशीच येथेही आहे. प्रश्न उसने घेतले काय हा नसून घेतलेल्याचे पुढे काय झाले हा आहे. याच सुमाराला रेसिफे येथील शिको सायन्स आणि ‘नासाँव झुंबी’ यांनी ‘दा लामा आओ काओस’ (१९९४) या मुद्रिकेत माराकातूचे ढोल आणि जड गिटारी एकत्र आणल्या होत्या, त्याही घरी राहून आणि पोर्तुगीजमध्ये गाऊन. त्यांच्या तुलनेत सेपुल्तुराचे देशीपण उशिराचे आणि दुरून आलेले आहे, हे मान्य केले पाहिजे.

ब्राझीलच्या विचारपरंपरेत या उसनवारीला स्वतःचे उत्तर आहे. ओस्वाल्द दे आंद्राद यांनी १९२८ साली नरभक्षणाचा जाहीरनामा लिहिला. युरोपला नाकारायचे नाही आणि त्याची नक्कलही करायची नाही. त्याला खाऊन पचवायचे, ही त्याची भूमिका. आदिवासींनी खाल्लेल्या सार्दिन्या या पोर्तुगीज बिशपच्या मृत्यूपासून वर्षे मोजून त्यांनी जाहीरनाम्याखाली सन घातला होता. ‘केऑस ए. डी.’ला हे रूपक नेमके लागू पडते : ब्राझिलियन हाताने मेटल पचवले.

परंतु ‘रूट्स’पाशी येताच दुसरा, अधिक गंभीर आक्षेप उभा राहतो. येथे खाणारा कोण आणि खाल्ला जाणारा कोण? काव्हालेरा बंधू शहरी, मध्यमवर्गातून आलेले, तोवर परदेशस्थ झालेले. शावांते हे विसाव्या शतकाच्या चाळिशीपर्यंत बाह्य समाजाशी संपर्क नाकारत आलेले. एकाची ‘मुळे’ म्हणून दुसऱ्याने उभे राहावे, हा व्यवहार समतेचा कसा म्हणता येईल? देशीवादावर दलित आणि स्त्रीवादी समीक्षेने घेतलेला आक्षेपही याच जातीचा आहे : ‘आपले देशी’ म्हणताना त्या ‘आपण’मध्ये कोणाकोणाचे आवाज गृहीत धरले जातात?

या आक्षेपाला उत्तर देताना शावांते म्हणजे कोणाच्या हाती लागलेली मूक सामग्री होती, असे मात्र मानू नये. शावांते समाजातून आलेले मारिओ जुरुना १९८२ साली ब्राझीलच्या संसदेवर निवडून आलेले पहिले आदिवासी प्रतिनिधी ठरले. अधिकाऱ्यांनी दिलेली आश्वासने टेपरेकॉर्डरवर नोंदवून ठेवण्यासाठी ते प्रसिद्ध होते. ध्वनिमुद्रित आवाजाचे मोल आणि त्याची धार या समाजाला ठाऊक होती. लॉरा ग्रॅहॅम यांच्या ‘परफॉर्मिंग ड्रीम्स’ (१९९५) या पिमेंतेल बार्बोसातील अभ्यासातून दिसते की या समाजात गीत स्वप्नात पूर्वजांकडून मिळते आणि मग ते समूहाला शिकवले जाते. गीत म्हणजे पूर्वजांशी चालू असलेले बोलणे होय. अशा गीताला साडेचार मिनिटांच्या रॉक रचनेत ‘पचवणे’ ही हिंसा ठरली असती.

म्हणून ‘इत्सारी’ आत्मसात झालेली नाही, हा तिचा दोष नाही. ते तिचे सौजन्य आहे. जेथे दोन पक्षांचे बळ विषम आहे, तेथे एकरूपतेपेक्षा शेजारी बसणे अधिक न्याय्य असते. ‘रातामाहाता’त आत्मसातीकरण शोभते, कारण तेथे समोरचा कलावंत नाव, मानधन आणि श्रेय यांसह बरोबरीने रचनेत उतरला आहे. दोष आहे तो ‘इत्सारी’कडे बोट दाखवून सबंध मुद्रिकेच्या देशीपणाचा निर्वाळा देणाऱ्या समीक्षेचा. शेजाऱ्याच्या उपस्थितीने आपले घर जुने ठरत नाही.

७

१६ डिसेंबर १९९६च्या लंडनमधील प्रयोगानंतर वाद्यवृंद फुटला. व्यवस्थापक असलेल्या मॅक्सच्या पत्नीशी करार पुढे चालवायचा नाही असे इतरांनी ठरवले आणि मॅक्स बाहेर पडला. त्याने ‘सोलफ्लाय’ काढला. सेपुल्तुरात अमेरिकेतील क्लीव्हलंडचा कृष्णवर्णीय गायक डेरिक ग्रीन आला. या घटनेकडे सहसा व्यक्तींचे भांडण म्हणून पाहिले जाते. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ती एक प्रयोगशाळा आहे, कारण देशीपण जर व्यक्तीत किंवा रक्तात असेल तर ते मॅक्सबरोबर जायला हवे होते.

‘अगेन्स्ट’ (१९९८) या मुद्रिकेत ‘कोदो’ या जपानी ढोलवादकांच्या समूहाबरोबर केलेली रचना आहे. ‘नेशन’ (२००१)मध्ये ‘अपोकॅलिप्टिका’ हे फिनलंडचे चेलोवादक आहेत. साल्वादोरच्या जागी जपान, जपानच्या जागी फिनलंड. लोकतत्त्वाची वा परक्या वाद्यमेळाची जोड देणे ही आता स्थानाशी बांधलेली गरज न राहता कोठेही लावता येणारी कृती झाली. सामग्रीवरून देशीपण ठरवणाऱ्या दृष्टीची ही आपोआप झालेली खंडना आहे, कारण त्या दृष्टीला ‘रातामाहाता’ आणि कोदोबरोबरची रचना यांत फरक दाखवता येणार नाही. पुढे ‘दान्ते ट्वेंटीवन’ (२००६) ‘डिव्हाइन कॉमेडी’वर आणि ‘ए-लेक्स’ (२००९) अँथनी बर्जेसच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’वर आधारून रचल्या गेल्या. २००६ साली इगोरही गेला आणि संस्थापकांपैकी एकही काव्हालेरा उरला नाही.

मग उरले काय? २०११ साली एलॉय कासाग्रांदे हा तरुण ब्राझिलियन ढोलवादक आला आणि ‘क्वाद्रा’ (२०२०)पर्यंत त्याने वाजवले. ‘क्वाद्रा’त थ्रॅशचा वेग परतला आहे, वाद्यमेळ आणि समूहस्वर आहेत, मुळांची कोणतीही जाहिरात नाही. तरीही रचना ढोलापासून उगवते. रिफ अजूनही तालाच्या मोकळ्या जागांचा मान ठेवून चालतो. १९९३ साली एका हाताला सापडलेली गोष्ट आता त्या हाताविना, शिकलेल्या सवयीच्या रूपाने चालू राहिली आहे. परंपरा म्हणतात ती हीच. याउलट काव्हालेरा बंधूंनी २०२३मध्ये ‘बेस्टियल डिव्हास्टेशन’ आणि ‘मॉर्बिड व्हिजन्स’ पुन्हा, सफाईने ध्वनिमुद्रित केल्या. सूर आता नीट लागलेले आहेत. पण मूळ मुद्रिकांत चुकण्यातून जे ठिकाण ऐकू येत होते ते या शुद्धलेखनात हरवले आहे. डिसेंबर २०२३मध्ये सेपुल्तुराने आपल्या निरोपाच्या दौऱ्याची घोषणा केली आणि तो २०२४ साली बेलो होरिझोंतेपासूनच सुरू केला.

८

सेपुल्तुराच्या या प्रवासातून देशीपणाविषयी तीन गोष्टी हाती लागतात. एक, देशीपण अभावितपणेही असू शकते आणि ते नेमके अनुकरणाच्या फटीत सापडते. म्हणून आरंभकाळातील ‘परभृत’ कृतींना सरसकट मोडीत काढणे हे समीक्षेचे नुकसान आहे. दोन, नामोल्लेख, सन्निधी आणि आत्मसातीकरण ही देशी सामग्रीशी असलेली भिन्न नाती आहेत. त्यांतील शेवटचे नेहमीच श्रेष्ठ असे नसते, कारण ते कोणाच्या बळावर साधले हा प्रश्न त्याच्यामागे उभा असतो. तीन, कृती देशी होते ती काय सांगते यामुळे नव्हे, तर तिच्या काळाचे माप कोणाचे आहे यामुळे. सेपुल्तुराच्या बाबतीत हे माप ढोलात होते. साहित्यात ते वाक्याच्या चालीत असते. विरामाच्या जागा, क्रियापदाची येण्याची वेळ, बोलता बोलता मागे वळण्याची रीत यांत ते शोधावे लागते.

मराठीत आज ग्रामीण, आदिवासी वा प्रादेशिक म्हणवणाऱ्या कितीतरी कादंबऱ्यांत बोलीचे शब्द अवतरणचिन्हांत बसवलेले असतात आणि त्यांच्या भोवतालचे वाक्य मात्र प्रमाण गद्याच्या, पुष्कळदा भाषांतरित गद्याच्या चालीने चालते. त्या शब्दांचे या वाक्याशी असलेले नाते फार तर नामोल्लेखाचे असते. असे लेखन मोजताना आपण शब्दांची यादी करतो आणि देशीयतेचे प्रमाणपत्र देतो. वाक्य कान देऊन ऐकत नाही. ‘देशी’ ही संज्ञा आपण संगीताकडून घेतली, पण तिच्याबरोबर यायला हवा होता तो कान आपण तेथेच ठेवून आलो. तो परत आणल्याखेरीज या संज्ञेने दिलेले निर्णय विश्वसनीय ठरणार नाहीत.